धाकटीचा रिपोर्ट

दोघी जावांची कूस अजून रिकामीच होती, म्हणून दोघींनी एकाच सकाळी हॉर्मोन्सच्या तपासणीसाठी रक्त दिलं. संध्याकाळी रिपोर्ट आले. थोरलीला मूल होण्याची आशा जवळजवळ नव्हतीच; धाकटीचं मात्र सगळं नॉर्मल! थोरलीचा नुसता जळफळाट झाला. नवरा पाठीवरून हात फिरवत समजूत घालत होता, तरी तिचं रडू थांबेना.

ती तोंड धुवायला गेली, तर धाकटी नळ सोडून हुंदके देत होती.

"तुला गं काय झालं रडायला?" थोरली फणकारली.

"तुमचा हेवा वाटतो, ताई."

"माझा?"



"माझं सगळं नॉर्मल निघालं, म्हणून डॉक्टरांनी यांना तपासणीला बोलावलंय, तर हे म्हणतात, त्यापेक्षा मी दुसरी करीन."