सासूबाईंचा वाफा

वाफ्यातली वाळकी काडी लोण्यातून केस निघावा तशी अलगद सूनबाईच्या हातात आली. खाली काहीच नव्हतं. ना गड्डा, ना मूळ.

दातांच्या दवाखान्यात ती मदतनीस होती. दात मुळासकट निघाला की नाही हे बघणं तिचं रोजचं काम. तिने उरलेल्या सहा काड्याही उपसून पाहिल्या. सातही तशाच.

सासूबाईंची डेलियाची सात झाडं होती ती. दरवर्षी फुलून झालं की वरचा भाग वाळायचा, गड्डा जमिनीखाली मुकाट पडून राहायचा आणि हंगाम आला की पुन्हा फुटायचा. लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी सासूबाई तिला त्या वाफ्यावर झारीसुद्धा धरू देत नसत. आणि लेकीच्या बाळंतपणाला निघताना त्यांनीच तिला मुद्दाम तिथे बोलावलं होतं. त्यांच्या नखांत अजून माती होती.

"हे आता तुझ्यावर सोपवून चाललेय. आठवड्यातून एकदा पाणी घाल. आणि उकरून बघत बसू नकोस, झोपलेत ते."

सूनबाईला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं होतं. पण तिच्या जिवाला स्वस्थता कुठली? आठवड्याचं पाणी चार दिवसांवर आलं, मग रोजवर. सकाळी ब्रश करतानाही ती वाफ्यापाशी जाऊन वाकून बघायची. दोन महिने झाले तरी कोंब दिसेना, तेव्हा तिने शेवटी हात घातला.

रोपवाटिकेतल्या माळीबुवांनी काडी उलटसुलट करून पाहिली.

"पाणी फार झालं, ताई. गड्डे कुजले. पण इतकं साफ कुजलेलं मी आजवर पाहिलं नाही."

"आईला फोन करून सांगून टाक," नवरा म्हणाला. "झाडंच आहेत."

"नऊ वर्षांनी पहिल्यांदा काहीतरी विश्वासाने दिलं त्यांनी. ते मारून टाकलं म्हणून सांगू?"

नवऱ्याने पेपर उचलला. अशा वेळी पेपरात डोकं खुपसण्यात त्याचा हातखंडा होता.

नवीन रोपं आणायचं ठरलं. पण रंग कुठले? काड्यांना बांधलेल्या पट्ट्यांवर सासूबाईंनी रंग लिहिलेच नव्हते. ज्याने रोप दिलं त्याचं नाव लिहिलं होतं.

"कोणता रंग देऊ?" माळीबुवांनी विचारलं.

"थोरल्या जाऊबाई," पट्टी वाचत ती म्हणाली आणि स्वतःच ओशाळली.

शेवटी जुन्या फोटोंत कुणाच्या ना कुणाच्या खांद्यामागे डोकावणारी फुलं शोधून तिने रंग ठरवले. दोन लाल, दोन पिवळे, एक पांढरा, एक जांभळा. सातव्याच्या आड नेमकं आत्याबाईंचं डोकं आलं होतं. तिथे गुलाबी, देवावर हवाला ठेवून.

माळीबुवांनी सांगितलं तसं तिने मातीत वाळू मिसळली, पाणी साचू नये म्हणून वाफा उंच केला, रोपं वीतभर झाल्यावर शेंडे खुडले, आधाराला काठ्या बांधल्या. बोट मातीत घालून कोरडं लागलं तरच पाणी. दवाखान्यातून ती धावतपळत घरी यायची. नवरा म्हणायचा, "बाळंतपण तिकडे आहे की इकडे?"

पाच महिन्यांनी सासूबाई परतल्या तेव्हा सातही झाडं बशीएवढ्या फुलांनी लगडली होती.

त्या वाफ्यासमोर उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. हातपाय धुतले नाहीत. चहा निवला. सूनबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून गुलाबी फुलाकडे बघत होती आणि तिचा जीव टांगणीला लागला होता.

"सगळी जगली?" आत आल्यावर त्यांनी विचारलं.

"हो."

"एकही गेलं नाही?"

"नाही."

सासूबाई बसल्या, उठल्या, पुन्हा दारात जाऊन बघून आल्या. जेवतानाही त्यांचं लक्ष नव्हतं. भात चिवडत त्या तिच्याकडे बघत आणि नजर मिळाली की दुसरीकडे पाहत.

सूनबाईला ते असह्य झालं. हातातला घास तिने ताटात ठेवला.

"आई, खरं सांगते. तुमची झाडं माझ्या हातून गेली. रोज पाणी घालून मी ती कुजवली. ही विकत आणलीत. तुम्ही एवढ्या विश्वासाने दिलं होतंत आणि मी... मला माफ करा."

नवऱ्याने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच धरून ठेवला. सासूबाईंचे डोळे भरून आले.

"तुझ्या हातून काहीच गेलं नाही गं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तू मारशील या भीतीने सातही गड्डे मी निघायच्या आधीच काढून लेकीकडे नेले होते, तुला कळू नये म्हणून इथे नुसत्या वाळक्या काड्या खोचल्या होत्या."