फळ्यावरची भाजी

"एक महिना बघू," दिग्विजय म्हणाला. "चित्रं बघून माल हलला तर माझ्या चारही दुकानांचं काम तुमचं. नाही हलला, तर आपले छापील बोर्ड आहेतच."

वृषालीनं मान डोलावली. तिच्याकडेही महिनाच होता. चित्रकलेचं शिक्षण संपवून ती पुण्याहून सणसरला परतली, तेव्हा तिच्या वडिलांनी, हिंदुरावतात्यांनी, बी.एड.च्या प्रवेशाचा फॉर्म आणूनच ठेवला होता. त्यावरून दोघांची जुंपली.

"चित्रातल्या वांग्याचं कालवण हुत न्हाय," ते म्हणाले.

महिनाभरात जमलं नाही तर मुकाट फॉर्म भरेन, पण तोवर या घराची पायरी चढणार नाही, असं सांगून ती निघाली आणि बारामतीत मैत्रिणीच्या खोलीवर राहू लागली. आई फोन करायची. हिंदुराव फोनवर येत नसत.

दिग्विजयचं फळं-भाजीचं दुकान मोठं होतं. क्रेटच्या रांगा आणि रांगांच्या वर मोकळी भिंत. दारातच एक मोठा पांढरा फळा उभा केला होता. त्या त्या आठवड्यात शेतातून येणारं जे ताजं असेल, ते त्यावर चितारायचं, एवढंच काम. दर सोमवारी नवं चित्र.

पहिल्या सोमवारी तिनं वांगं काढलं. आधी नुसतं जांभळं झालं. मग देठ जरा उचलून बघितला, तर खाली ऊन न लागलेला पांढुरका पट्टा दिसला. तो चित्रात आला आणि वांगं फळ्यावरून उचलावंसं वाटायला लागलं. गाजराची केसांसारखी मुळं तिनं तशीच ठेवली. दिग्विजयला ती घाण वाटली. तिनं सांगितलं, राहू द्या, त्यामुळंच ते मातीतून आत्ता उपटल्यासारखं दिसतं.

लोक थांबायचे. मोबाइलवर फोटो काढायचे. बायका लेकरांना वांगं दाखवायच्या आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन निघून जायच्या. आठवडा संपला तेव्हा वांग्याचे क्रेट जवळजवळ भरलेलेच होते. दिग्विजयनं छापील बोर्ड माळ्यावरून खाली काढून ठेवले.

दुसऱ्या सोमवारी मात्र ती कामावर आली तर तो गल्ल्यावरून उठून समोर आला. माळेगावच्या साखर कारखान्याकडचे कुणीतरी मेसवाले होते. फोनवर त्यांनी फळ्याचा फोटो मागवला आणि फळ्यावर जे जे होतं ते सगळं उचललं. सकाळी दूध घालून गावाकडं परतणारी एक गाडी आली, तीच क्रेट घेऊन गेली.

"म्हणाले, चित्र बघून खावंसं वाटलं," दिग्विजयनं सांगितलं.

त्या दिवशी वृषालीला जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला. त्यानंतर दर सोमवारी संध्याकाळी फोटो जायचा आणि मंगळवारी सकाळी माल हलायचा. नवलकोल, पावटा, पेरू. ती दहानंतर यायची, तोवर क्रेट रिकामे झालेले असायचे. मेसवाले तिनं कधी पाहिले नाहीत. पण कारखान्यावरची माणसं पंगतीला बसली आहेत आणि ताटात तिचं वांगं आहे, हे तिला पक्कं दिसायचं.

शेवटच्या सोमवारी तिनं स्वतःहून ब्रोकोली निवडली. दिग्विजय नको म्हणत होता. ती इथं कुणी घेत नाही, मेसमध्ये तर नाहीच नाही. वृषालीला तेच हवं होतं. जी भाजी कुणाला नको असते, ती खपली तर ते नुसत्या चित्राचं यश. एकेक हिरवी कळी टिपत ती सात तास फळ्यासमोर उभी होती.

मंगळवारी सहाच्या सहा क्रेट गेले.

"चारही दुकानं तुमची," दिग्विजय म्हणाला.

रविवारी ती एसटीनं सणसरला आली. हिंदुराव ओसरीवर बसले होते. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, मेसवाल्यांचं, ब्रोकोलीचं, चार दुकानांचं. तिचं बोलून झालं तसे हिंदुराव आत गेले, फॉर्म घेऊन आले आणि तिच्या हातात दिला.

"तुज्या हातानं फाड," ते म्हणाले. "माजंच चुकलं म्हनायचं."

तिनं फॉर्म फाडला. वाद घालायची सगळी तयारी करून ती आली होती, ती वायाच गेली. तात्या कुणापुढं हार मानताना तिनं जन्मात पाहिले नव्हते. आता ते खाली मान घालून पानाला चुना लावत बसले होते. जिंकल्याच्या आनंदातही तिला त्यांची थोडी कीव आली. त्यांना काहीतरी बरं वाटेल असं बोलावं, असं तिच्या मनात आलं. पण आधी त्यांना जरा मोकळं सोडावं म्हणून ती परसात गोठ्याकडं गेली.

बिरू शेणाची पाटी उचलत होता. गेली वीस वर्षं घरच्या म्हशी त्याच्याच हाताखाली होत्या. तिला बघून त्यानं पाटी खाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि ओसरीकडं एकदा बघून आवाज उतरवला.

"ताई, तुमी आलात ते बरं झालं. तात्यास्नी आता तुमीच सांगा. वांगी-गाजरं समद्या आळीला वाटली, उरली ती म्हशींनी खाल्ली. पर ह्या मंगळवारी दुधाच्या गाडीतनं ती हिरवी फ्लावर आनलिया न्हवं, ती मानसं बी खाईनात आन म्हशी बी नुसतं हुंगून तोंड फिरवत्यात."