खिळ्यावरची किल्ली

"झालं सर. बघा स्टार्ट करून," असं म्हणत सदानंदने गाडीला जोडलेली वायर काढली आणि लॅपटॉप मिटला. आचोळ्याहून स्कूटरवर आलेला हा किल्लीवाला दोन तास सांडोर गावातल्या सरांच्या अंगणात, ड्रायव्हरच्या सीटवर मान वाकडी करून बसला होता. नवी किल्ली त्याने ऑगस्टीनसरांच्या हातावर ठेवली. तिचे सतरा हजार झाले होते. शोरूमने सव्वीस सांगितले होते आणि वर दहा दिवस थांबा म्हणाले होते, त्यामुळे सतरा स्वस्तच म्हणायचे.

सरांनी किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. सरांचा चेहरा मात्र होता तसाच राहिला.

पैशांचं वाईट वाटत होतंच, पण ते तोंडी लावण्यापुरतं. धास्ती वेगळीच होती. चाळीस वर्षं कॅटलॉग न उघडता साठ मुलांची हजेरी घेणारा हा माणूस, आणि गाडीची एकुलती एक किल्ली गेली कुठे, ते त्याला सांगता येईना. "मी भिंतीवरच्या येशूच्या आल्तारखालच्या खिळ्यालाच अडकवली होती," असं ते रविवारपासून सांगत होते. त्यावर कोणी कडाकडा भांडलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांची सून टिफनी मऊ आवाजात "हो पप्पा, असेल," म्हणायची आणि पुन्हा गाद्या उलटायला जायची. कुवेतहून मुलाचा फोन आला, "पप्पा, गाडी राहू द्या आता. रिक्षा करत जा." सरांच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग पाकीट, आणि शेवटी बायकोचं नाव. या चार दिवसांत घरात त्या भावाचा विषय कोणी काढला नाही, म्हणून सर जास्तच घाबरले. शनिवारी टिफनीने मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती. साधं चेकअप आहे, म्हणाली. साध्या चेकअपला माणसाला बोरिवलीला नेतात होय?

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. तीन घरं सोडून राहणारा स्टॅनी आत आला आणि त्याने मूठ उघडली.

"अंकल, ही तुमचीच ना?"

मातीने बरबटलेली किल्ली होती.

सदानंदने कपाळावर हात मारून घेतला. "अरे भावा, दोन तास आधी यायचं ना! आता त्या जुनीचा कोड मी गाडीतून उडवला. गाडी तिला ओळखणार पण नाही."

"मला काय माहीत? मला आत्ता सुरणाखाली मिळाली," स्टॅनी म्हणाला.

रविवारी चर्चमधल्या मिस्सेला घरोघरच्या वाडीतल्या भाज्यांची एकेक टोपली अर्पण झाली होती, आणि नंतर चर्चच्या पटांगणात गरिबांच्या मदतीसाठी त्या टोपल्यांचा लिलाव झाला होता. सरांच्या घरची टोपली स्टॅनीने इरेला पेटून घेतली. मग चार दिवस त्याच्या घरच्यांनी ती वरून खाली खात आणली. आधी केळी, मग पडवळ, मग वांगी. आज गुरुवारी पाळी आली तळच्या सुरणाची. सुरणाखाली केळीचं पान होतं आणि पानाखाली ही.

"टोपली कोणी भरली होती?" सरांनी विचारलं.

दारात उभ्या असलेल्या टिफनीचा चेहरा उतरला. "मी भरली पप्पा. टोपलीच्या रिबिनी डिकीत राहिल्या होत्या, त्या काढायला किल्ली घेतली. परत आले तर हातात रिबिनी, कात्री, पानं. किल्ली मिनिटभर टोपलीत टाकली. मग मिस्सेची घंटा झाली, आणि मी घाईघाईत पान अंथरून वरून भरतच गेले."

"किल्ली घेतलीस ती कुठून?"

"खिळ्यावरून."

"खिळ्यालाच होती?"

"खिळ्यालाच होती पप्पा." तिला रडू फुटलं. "सतरा हजार गेले माझ्यामुळे. आणि वर मी तुम्हालाच..."

सरांचा जीव भांड्यात पडला. चार दिवस छातीवर बसलेलं ओझं उतरलं आणि ते गाडीच्या टपावर थाप मारून हसायला लागले. "सतरा हजार? अगं, फुकट पडली! फुकट!"

सदानंद बघतच राहिला. "सर, बारा वर्षं हे काम करतोय," तो म्हणाला. "नंतर जुनी किल्ली सापडली की लोक मला शिव्या घालतात. हसणारे तुम्ही पहिलेच."

"तुम्ही जेवूनच जा," सर त्याला म्हणाले. मग सुनेकडे वळले. "आणि शनिवारचं काय?"

"आत्ता फोन करून सांगते, येत नाही म्हणून," टिफनी डोळे पुसत म्हणाली.

सर गाडीत बसले आणि त्यांनी शेजारचं दार आतून उघडलं. "स्टॅनी, बस. घरी सोडतो."

"अंकल, चार पावलांवर तर घर आहे."

"बस म्हटलं ना."

स्टॅनी बसला. टिफनीने धावत जाऊन फाटक सताड उघडलं. गाडी बाहेर पडली, केळीच्या वाड्यांमधल्या त्या अरुंद रस्त्याला लागली, तीन घरं मागे पडली आणि स्टॅनीचं फाटकही मागे पडलं.

"अंकल, माझं घर गेलं!"

"ठाऊक आहे मला," सर म्हणाले आणि त्यांनी गियर बदलला.