अकरा हजार पिल्लं आणि एक ठिपका

शेवटच्या पिंजऱ्यातलं सहावं पिल्लू मृणालिनीनं तळहातावर घेतलं आणि झटकन दिव्याखाली धरलं. पिल्लाच्या कानामागे काळा ठिपका होता.

बाकीची पाच भुरकट तपकिरी होती, आणि तशीच असायला हवी होती. मुलुंडच्या या प्रयोगशाळेत अडीच वर्षं एवढंच चाललं होतं. फिट्सवरची एक गोळी नर उंदरांना द्यायची आणि त्यांना पिल्लं झाली की रंग तपासायचा. जोड्याच अशा निवडलेल्या, की एखादं पिल्लू वेगळ्या रंगाचं किंवा डागाचं निघालं तर समजायचं, औषधानं बापाच्या बीजात बिघाड केला आणि तो पुढच्या पिढीत उतरला. अकरा हजार पिल्लं झाली, एकही तसं निघालं नव्हतं. आणि आज शेवटच्या पिंजऱ्यात हे.

तिनं भिंग लावून पाहिलं. ठिपका होताच. खरं तर तिला अडीच वर्षांची मेहनत आठवायला हवी होती, पण आठवला तो जानकीमावशींचा जावई. मावशी इथल्या उंदरांचं खाणंपिणं बघायच्या. त्यांचा जावई सुशांत हीच गोळी रोज घ्यायचा, आणि तिच्याच धास्तीनं त्यानं आणि मावशींच्या लेकीनं, प्रांजलनं, मूल लांबणीवर टाकलं होतं. मावशींनी हे एकदाच सांगितलं होतं. त्यानंतर कधी काही विचारलं नाही, फक्त पिंजरे दोनदा पुसायला लागल्या.

"मावशी, एक वेगळा पिंजरा आणा," मृणालिनी कशीबशी म्हणाली. "याला डाग आहे."

मावशी आल्या, पिल्लाकडे बघितलं आणि चोरी पकडली गेल्यासारख्या उभ्या राहिल्या. मग पुढे होऊन त्यांनी अंगठ्यानं ठिपका चोळला. ठिपका फिका झाला आणि हातमोज्याचा अंगठा काळा.

"तीट ती, मॅडम," त्या खाली मान घालून म्हणाल्या. "काल तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, अकरा हजारात येकाकव डाग नाय म्हणान. असां बोलूचां नसतां. दृष्ट लागता."

मृणालिनीनं स्पिरिटच्या बोळ्यानं कान पुसून पुन्हा भिंगातून पाहिलं. पिल्लू भावंडांसारखंच तपकिरी होतं. मग मात्र तिनं मावशींना चांगलं फैलावर घेतलं. बाहेरची वस्तू आत आणायची नाही हे किती वेळा सांगितलं, ज्या औषधासाठी जीव टांगणीला लावलाय त्याचीच वाट लावली असती, असं बरंच काही. मावशींनी काजळाची डबी काढून तिच्या हातात दिली.

झाल्या प्रकाराची नोंद करणं भाग होतं. 'डागाचे कारण' या रकान्यापाशी मृणालिनी पेन धरून बराच वेळ बसली. शेवटी 'काजळ' असं लिहून तिनं सही केली, आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं हसू एकदम फुटलं.

बाहेर पडल्यावर तिनं डबी मावशींना परत दिली.

"ही आता इथं आणायची नाही. घरी जपून ठेवा. प्रांजलला लागेल."

मावशींना कळायला क्षणभर लागलं. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत. डबी उघडून त्यांनी बोट बुडवलं.

"असां बोलूचां नसतां, सांगितलां ना तुमका," म्हणत त्यांनी मृणालिनीच्या कानामागे ठिपका टेकवला.