डोळे मोठे काढा

सोनमच्या मरणात तिघांचा फायदा होता. नवऱ्याला, रणजितला, नवी बायको, त्या बायकोला वरकुट्याच्या बागायतीतलं घर, आणि चांदीच्या पत्र्यावर देव, पूर्वज ठोकून काढणाऱ्या नीळकंठतात्यांना एका टाकाचं काम. मेलेल्या सवतीचा टाक दुसरीनं गळ्यात घातला की सवत छळत नाही, अशी आपल्याकडची समजूत. पण टाक करून घ्यायला सवत स्वतःच दारात येईल, हे तात्यांनी धरलं नव्हतं.

बारामतीच्या डॉक्टरांनी आशा सोडली त्या दिवशी सोनम परस्पर तात्यांकडं आली. पायातली जोडवी काढून तिनं ऐरणीवर ठेवली.

"ह्याचाच करा. डोळं तेवढं मोठं काढा, तात्या."

"अगं, टाकाला डोळं म्हंजी दोन ठिपकं."

"मला उघडं पायजेत. ती माझ्या लेकीला जेवाय वाढती का न्हाय, बघायचं हाय मला."

तात्यांनी जन्मात काढले नव्हते असे डोळे काढले.

नव्या नवरीनं टाक एकदाच हातात घेतला. "ही सारखी बघतीया. मी न्हाय घालायची." रणजितनं तोड काढली आणि टाक सोनमच्या सहा वर्षांच्या लेकीच्या, राजनंदिनीच्या, गळ्यात बांधला.

पुढं जत्रेत तात्यांना ती पोर दिसली, पार वाळलेली. तिघांना ज्याचं त्याचं मिळालं होतं. टाकावरची सोनम मोठाल्या डोळ्यांनी जत्रेतलं एकूणएक माणूस बघत होती. जिच्या गळ्यात होती, ती लेक तेवढी सोडून.