बकरं राजी व्हायला हवं

कल्लाप्पांनी पुन्हा एकदा तांब्याभर पाणी बकऱ्याच्या डोक्यावर ओतलं. बकरं हललं नाही. पाणी शिंगांवरून ओघळलं, दाढीवरून टपकलं, आणि ते आपलं पुढ्यातला पाला चघळत उभं राहिलं.

मरगूबाईच्या देवळापुढं सगळा गोतावळा उन्हात ताटकळत होता. रीत साधी. घरात मोठं काही ठरलं की ते देवीच्या कानावर घालायचं आणि बकऱ्यावर पाणी सोडायचं. त्यानं अंग झाडलं की देवी राजी. हल्ली देवळापुढं कापत नाहीत, पोलीस येतात. ते मागनं मळ्यात नेऊन उरकतात. कौल मात्र इथंच लागतो. त्याशिवाय सुपारी फुटत नाही.

आणि सुपारी फोडायची सगळ्यांनाच घाई होती. कल्लाप्पांची थोरली लेक मंजुश्री गेली. तिची आरोही आत्ता कुठं बोलायला लागलेली. तेव्हा धाकट्या नीलमला बहिणीच्या जागी द्यायचं, म्हणजे जावई परशरामचं घर सावरेल आणि लेकराला मावशीच आई मिळेल. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं, म्हणून तर तोंड उघडायची सोय नव्हती. हे ठरलं तेव्हा नीलम बेळगावच्या कॉलेजात मुलांना ग्रीक नाटक शिकवत होती.

भरमू पुजारी जवळ सरकला. "आप्पा, कानात दोन थेंब सोडा. समदे तसंच करत्यात. कुठवर थांबायचं?"

कानात पाणी गेल्यावर कुठलं बकरं अंग झाडणार नाही? माणूससुद्धा झाडेल.

कल्लाप्पा हसले आणि लेकीकडं वळले. देवाच्या जत्रेत आधी बकरं, मग नाटक, ही ग्रीकांची गोष्ट तिनंच त्यांना जेवताना सांगितली होती, आणि त्यांना ती लई आवडली होती. "काय गं नीलम, तुझ्या ग्रीकांचं बकरं असं हटून बसलं तर ते काय करत हुते?"

"असंच. तोंडावर पाणी मारायचे. दचकून मान हलली की म्हणायचे, राजी झालं." नीलम पुढं आली. "आणि मग नाटकात पोरीचा बळी बघून ढसाढसा रडायचे."

कुणी हसलं नाही. तिच्या आईनं, बायाक्कानं, आरोहीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

कल्लाप्पांनी बकऱ्याचा कान धरायला हात पुढं केला. तेवढ्यात नीलम मातीत गुडघे टेकून बसली आणि तिनं दोन्ही तळव्यांनी बकऱ्याचे कान झाकून टाकले. नवी साडी चिखलात गेली.

"ऊठ. लोक बघालेत."

"बघू देत. डोक्यावर किती बी पाणी वता, आप्पा. कानात न्हाय."

"अगं, लेकराचा तरी इचार कर."

"आरोहीला मी आज बी सांभाळते, उद्या बी सांभाळीन. त्याला कवा न्हाय म्हटलंय?" तिनं बकऱ्याचे कान आणखी घट्ट झाकले. "मला कुणी इचारलं न्हाय, आप्पा. ह्याला इचारालाय न्हवं? मग ह्याला तरी नीट इचारा."

परशराम इतका वेळ खाली मान घालून उभा होता. "पाणी ऱ्हाऊ दे, मामा," तो म्हणाला.

देवी कोपंल, असं काहीतरी भरमू पुटपुटला. कल्लाप्पांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. तांब्या पायरीवर ठेवून ते लेकीसमोर उकिडवे बसले.

"बोल," ते म्हणाले. "तुझं काय हाय?"

नीलमनं बकऱ्याचे कान सोडले. बकऱ्यानं शिंगांपासून शेपटीपर्यंत खडाखडा अंग झाडलं, पाणी सगळ्यांच्या अंगावर उडालं. तिकडं कुणी बघितलं नाही. सगळे नीलमच्या तोंडाकडं बघत होते.