विष कुणी कालवलं?

“ए पोरी, आमच्या धरणात विष कालवताना लाज नाही वाटली?” मासेमारी खात्याची बाई काठावर दिसताच माझा नवरा, ऑरिन, होडीतूनच कडाडला. “गेल्या वर्षी झाडून सगळे ट्राउट मासे मेले!”

“काका, चब माशांनी धरण बुजबुजलं होतं. ट्राउटच्या पिल्लांना खायला कण उरला नव्हता. सगळंच मारून नवे ट्राउट सोडावे लागले.”

“आणि हे चब काय आभाळातून पडले?”

“खालच्या ओढ्यातले आहेत. भिंत चढून काही ते येत नाहीत. कुणीतरी आणूनच सोडलेत.”

“नाव सांग त्याचं! चाळीस वर्षं गळ टाकतोय मी इथं. त्या हरामखोराला याच पाण्यात बुडवतो!”

ती गेली, तरी दिवसभर त्याच्या शिव्या थांबल्या नाहीत. संध्याकाळी आम्ही परत निघालो, तेव्हा गळाला लावायला सकाळी खालच्या ओढ्यातून धरून आणलेले बोटभर मासे बादलीत अजून वळवळत होते.



“जगा, बिचाऱ्यांनो,” म्हणत ऑरिनने नेहमीसारखी बादली धरणात उपडी केली.